तीनही रीडिंग १०.२

सबमिशनच्या आठवड्यात माझ्या टेबलावर जर्नलांचा ढीग लागतो. खाकी कव्हर, वर नाव आणि रोल नंबर, डाव्या पानावर पेन्सिलनं आखलेलं निरीक्षणांचं कोष्टक, उजव्या पानावर निळ्या शाईत कृती. एकवीस वर्षं मी ही जर्नलं तपासतेय. ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन आलं, म्हणजे ब्युरेट नावाच्या आकडे कोरलेल्या नळीतून एक द्रावण दुसऱ्यात सोडून प्रमाण मोजायचा प्रयोग आला, की कोष्टक न बघता सांगू शकते. पायलट रीडिंग १० ते ११ मिली. पहिलं रीडिंग १०.२, दुसरं १०.२, तिसरं १०.२. सी.बी.आर., म्हणजे सारखं आलेलं ब्युरेटचं रीडिंग, १०.२. पुढचं जर्नल उघडा, तिथंही १०.२.

हा प्रयोग ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे की असं होत नाही. परमँगनेटचा रंग इतका गडद की ब्युरेटमधला खालचा मेनिस्कस, म्हणजे द्रावणाच्या पृष्ठभागाचा बाक, दिसत नाही, वरची कड वाचावी लागते. फ्लास्कमधलं द्रावण साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवलेलं असतं आणि ते हळूहळू गार होत जातं. पहिले काही थेंब रंग सोडायला वेळ लावतात, मग एकदम भराभर सोडतात. शेवटी फिकट गुलाबी छटा आली, टिकली, की थांबायचं. आता 'फिकट' म्हणजे किती, हे प्रत्येकाच्या डोळ्यावर. एवढं सगळं असताना वीस मुलांच्या बॅचमध्ये प्रत्येकाचं तीन-तीनदा एकच रीडिंग? मला हे कळत होतं. तरी मी सही करत होते, कारण मीही विद्यार्थिनी असताना असंच लिहिलं होतं आणि माझ्या सरांनी सही केली होती.

ही सही करणं मी का थांबवलं, आणि त्यातून आमच्या कॉलेजात एक छोटा कोर्स कसा उभा राहिला, ते आज लिहायचं आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी लोटे परशुरामच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीत क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, आहे. दिवाळीत फराळाचा डबा घेऊन घरी आली होती. बोलता बोलता म्हणाली, "मॅडम, नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी खूप रडले होते." मला वाटलं, शिफ्ट जमली नसेल. तर म्हणाली, "वजन लिहिताना माझा एक आकडा चुकला. एकाचा सात करायचा होता. मी एकावरच गिरवून सात केला. कॉलेजात करायचो तसा. सुपरवायझरनं रजिस्टर बघितलं आणि मला उभं केलं. मी चुकीचं वजन घेतलं नव्हतं मॅडम, आकडा बरोबर होता. तरी तीन पानांचं स्पष्टीकरण लिहावं लागलं."

मग तिनं मला, म्हणजे तिच्या शिक्षिकेला, शिकवलं. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, पेन्सिल तर प्रयोगशाळेत आणायचीच नाही. कच्च्या कागदावर लिहून नंतर रजिस्टरात उतरवायचं नाही, ज्या क्षणी वाचलं त्या क्षणी लिहायचं. औषध कंपन्यांत याला 'अल्कोआ' म्हणतात. पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत. नोंद कोणी केली ते कळावं, ती वाचता यावी, काम होतानाच केलेली असावी, मूळ असावी आणि अचूक असावी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचे तपासनीस कारखान्यात आले की मशिनं किती नवी आहेत हे बघण्याआधी या वह्या मागतात, असं ती सांगत होती. आपल्याकडेही डिसेंबर २०२३ मध्ये शेड्यूल एम, म्हणजे औषधनिर्मितीच्या नियमांचं परिशिष्ट, सुधारलं गेलं आणि नोंदी कशा ठेवायच्या यावर त्यात भर आहे.

ती गेल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. पाच शब्दांतला एकही आमच्या जर्नलाला लागू पडत नव्हता. आम्ही मुलांना रफ वहीत लिहायला लावतो आणि आठवड्यानं फेअर जर्नलात उतरवायला सांगतो. कोष्टक पेन्सिलनं. खाडाखोड दिसली की 'नीटनेटकेपणा'चे मार्क कापतो. परीक्षेत एक्स्टर्नलच्या रीडिंगच्या जितकं जवळ तितके मार्क, म्हणून शेजारच्या टेबलावरचा हुशार मुलगा काय लिहितो याकडे सगळ्यांचं लक्ष. तीन वर्षं आम्ही मुलांना एक सवय लावतो, रीडिंग जुळवायची. कंपनीत त्याच सवयीपायी नोकरी जाऊ शकते. सिलॅबसमध्ये कुठंही 'रीडिंग जुळवा' असं छापलेलं नाही, पण आमचा मार्कांचा तक्ता तेच शिकवत होता.

नवीन शैक्षणिक धोरण स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. आमचं कॉलेज स्वायत्त असल्यामुळे अभ्यास मंडळ आमचंच. नव्या रचनेत व्होकेशनल स्किल कोर्स नावाचा एक खण आला, दोन क्रेडिटचा. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे तीस तास, म्हणून एकूण साठ तास. मार्क पन्नास. त्यात काय भरायचं हे आम्ही ठरवायचं होतं.

बैठकीत सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द: एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. मुलांना एचपीएलसी आलं पाहिजे, कंपन्या तेच विचारतात. आमच्याकडे ते यंत्र नाही आणि घ्यायचं तर लाखांत जातं. मग चित्रं दाखवून शिकवायचं, किंवा एक दिवस कुठंतरी नेऊन दाखवून आणायचं, असं चाललं होतं. मंडळावर उद्योगक्षेत्राचा एक प्रतिनिधी असावा लागतो. आमच्याकडे आलेले गृहस्थ तीस वर्षं क्यूसीत काढलेले. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "मशीन आम्ही दीड-दोन महिन्यांत शिकवतो हो. आमच्या मॉडेलचं सॉफ्टवेअर वेगळं, तुमचं वेगळं असणार, ते परत शिकवावंच लागतं. पण सरळ वजन घेणं, फ्लास्कची खूण डोळ्याच्या रेषेत धरणं, आणि दिसलं तेच लिहिणं, हे बावीस वर्षांच्या माणसाला शिकवायला फार जड जातं."

त्यांचं ऐकून मी दोन आठवडे मागितले आणि एक काम केलं, जे खरं तर मी दर वर्षी करायला हवं होतं. जुन्या मुलांना फोन. क्यूसीतले होतेच, पण सगळे काही कंपनीत जात नाहीत. एक रत्नागिरीत मासळी निर्यात करणाऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, एक आंब्याच्या कॅनिंगमध्ये, दोघी बी.एड. करून शाळेत, एक बँकेत, एक जण पोलीस भरती होऊन मुंबईला. सगळ्यांना एकच विचारलं, "आता जे काम करतोस त्यासाठी कॉलेजात काय करून घ्यायला हवं होतं?" कोणी एखाद्या धड्याचं नाव घेतलं नाही. एक्सेल म्हणाले. ईमेल लिहिता येत नव्हता म्हणाले. कंपनीची एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याची लेखी कृती, इंग्रजीत असते, ती एकट्यानं वाचून तशीच्या तशी करायची वेळ आली तेव्हा हात थरथरले, असं एकानं सांगितलं. बँकेतला मुलगा म्हणाला, "मॅडम, 'मला हे कळलं नाही' असं साहेबांना सांगायला मला दोन वर्षं लागली." हे मी वहीत लिहून ठेवलंय. याला कोणतं क्रेडिट द्यायचं ते मला आजही सापडलेलं नाही.

कोर्स कशावर उभा करायचा याचं उत्तर मात्र अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळालं. आमच्या लॅबमधले काका शेजारच्या गावचे. एका पावसाळ्यात त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत पांढरी पावडर आणून दिली. "मॅडम, ही पंचायतीची टी.सी.एल. पावडर. विहिरीत टाकतात. वास काही येत नाही हिला. चांगली आहे का बघा जरा."

टी.सी.एल. म्हणजे ब्लीचिंग पावडर. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. जलसुरक्षक ती मोजून पाण्यात मिसळतो, वरचं निवळलेलं पाणी विहिरीत किंवा टाकीत ओततो, आणि मग नळाच्या पाण्यात ओ.टी.चे, म्हणजे क्लोरीन दाखवणाऱ्या रसायनाचे, थेंब टाकून पिवळा रंग येतो का बघतो. पावडर ताजी असते तेव्हा तिच्यात साधारण ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. ओल, ऊन आणि हवा लागली की तो उडत जातो. आरोग्य खात्याची सूचना अशी की २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाण्याला वापरू नये. कोकणातला जुलै, उघड्या तोंडाची गोण, भिंतीला ओल आलेली खोली, एवढं म्हटलं की पुढचं सांगायला नको.

आणि हा क्लोरीन मोजायची रीत एस.वाय.च्या पुस्तकात आहेच. आयोडोमेट्री, म्हणजे क्लोरीननं मोकळं केलेलं आयोडीन टायट्रेशननं मोजायचं. आमच्या शेल्फवरच्या बाटल्यांत भागतं. एक पैशाचं यंत्र लागत नाही. मी ठरवलं, साठ तास यावरच. आजूबाजूच्या गावांतून नमुने आणायचे, तपासायचे, आणि निकाल पंचायतीला द्यायचा. विद्यार्थ्यांनाच काय, मलाही उत्तर आधी माहीत नसणार. आमच्या नेहमीच्या प्रॅक्टिकलमध्ये हीच गोष्ट हरवलेली होती.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला शिवलेली, पानांवर छापील नंबर असलेली वही दिली. पान फाडायचं नाही. फक्त पेन. फेअर जर्नल नाहीच. मुलं गोंधळली. एकीनं विचारलं, "मॅडम, पण अक्षर खराब आलं तर?" म्हटलं, वाचता आलं की पुरे. पहिले तीन तास तर कोणी काही लिहीतच नव्हतं. हाताच्या तळव्यावर, रुमालावर आकडे लिहून ठेवत होते, नंतर वहीत उतरवायला. चूक कायमची दिसेल याची भीती.

दुसऱ्या महिन्यातली एक दुपार मला तपशिलानं आठवते. तिघांचा एक गट होता, दोन मुली, एक मुलगा. अडीच ग्रॅम पावडर खलात थोड्या पाण्यासोबत घोटून घेतली, ती २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत केली. त्यातले २५ मिली पिपेटनं घ्यायचे, पोटॅशियम आयोडाइड टाकायचं, असेटिक आम्ल टाकायचं, सगळं गडद तपकिरी होतं. मग ब्युरेटमधून एन बाय टेन तीव्रतेचं थायोसल्फेट. तपकिरी उतरत उतरत गवताच्या काडीसारखा पिवळा राहिला की स्टार्च घालायचा, द्रावण शाईसारखं निळंकाळं होतं, आणि मग थेंबाथेंबानं ते निळं नाहीसं होईपर्यंत. या मापांत ब्युरेटचा एक मिली म्हणजे जवळपास १.४२ टक्के क्लोरीन.

त्यांची तीन रीडिंग आली १५.६, १३.९ आणि १४.८.

मुलगा माझ्याकडे आला. "मॅडम, कोणतं धरायचं?"

मी म्हटलं, आधी टक्के काढा. त्यांनी काढले. २२.१, १९.७, २१.०. आणि मग त्यांच्यातली एक मुलगी एकदम म्हणाली, "पण वीसच्या खाली गेली तर पावडर टाकून द्यायची ना? पहिल्या रीडिंगनं ठेवायची, दुसऱ्यानं टाकायची." बाकीचे दोघं गप्प. त्या मुलीच्या मावशीचं घर त्याच गावात आहे.

तासभर त्यांनी काय काय केलं ते मी फक्त बघत होते. आधी ब्युरेटची तोटी गळते का बघितली. मग स्टार्च जुना आहे का म्हणून नवा उकळला. शेवटी मुलाच्याच लक्षात आलं. पहिल्या वेळी त्यानं फ्लास्क चांगला हलवून लगेच पिपेट भरलं होतं. दुसऱ्या वेळी मैत्रीण पाणी प्यायला गेली होती, तोवर गढूळ द्रावणातला साका खाली बसला, आणि वरचं निवळ पाणी पिपेटमध्ये आलं. साक्यातला क्लोरीन मागंच राहिला. तिसऱ्या वेळी अर्धवट हलवलं. त्यांनी परत पाच रीडिंग घेतली, प्रत्येक वेळी फ्लास्क तितक्याच वेळा उलटासुलटा करून. ती १५.३ ते १५.७ मध्ये राहिली. एकसारखी पाचही नाहीत. आणि ती नसणारच, हे त्यांना आता सांगावं लागलं नाही.

मग सरासरी काढायची, पसारा किती ते एक्सेलमध्ये मांडायचं, 'साधारण २२ टक्के, वापरता येईल, पण पुढच्या महिन्यात परत तपासा' असं पंचायतीला लिहायचं. हे सगळं ज्यांना एफ.वाय.ला नॉर्मॅलिटी, म्हणजे द्रावणाची तीव्रता मोजायची रीत, कधी कळली नव्हती त्यांनी केलं. त्यातली एक दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात नॉर्मॅलिटीचं प्रकरण घेऊन बसलेली दिसली.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आक्षेप हाच होता. कौशल्याच्या नावाखाली विषयाचा पाया कच्चा राहील, बी.एस्सी.ची आयटीआय होईल. त्यांची काळजी खोटी नाही. काही ठिकाणी दोन क्रेडिटच्या खणात मेणबत्त्या आणि फिनेल करायला शिकवतात आणि त्यात रसायनशास्त्र शोधूनही सापडत नाही. तसं करायचं असेल तर जुनं प्रॅक्टिकल बरं. आयटीआयला कमी लेखणं मात्र मला पटत नाही. तिथला फिटर व्हर्नियरचं रीडिंग आमच्या मुलांपेक्षा प्रामाणिकपणे लिहितो, कारण त्याचा जॉब पुढच्या भागात बसला नाही तर लगेच कळतं. आमच्या टायट्रेशनचं पुढं काहीच होत नव्हतं, बेसिनमध्ये ओतून हात धुवायचे. मला वाटतं, मुलं रीडिंग जुळवतात ती आळसापेक्षा या कारणानं जास्त. त्या आकड्यावर कोणाचंच काही अवलंबून नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मार्कांचा तक्ता बदलायला मात्र खूप भांडावं लागलं. पन्नासपैकी 'बरोबर उत्तरा'ला मी फक्त दहा ठेवले. वीस वहीला: नोंद वेळेवर आहे का, चूक रेघ मारून दाखवली आहे का, कारण लिहिलंय का. दहा मार्क अनोळखी एसओपी हातात देऊन एकट्यानं प्रयोग करण्याला. उरलेले दहा पंचायतीला द्यायच्या एका पानी पत्राला, आणि ते पत्र मराठीतच. ज्याला मिली आणि नॉर्मॅलिटी माहीत नाही अशा माणसाला काय करायचं ते समजलं पाहिजे. पहिली पत्रं वाचून मला धक्काच बसला. 'उपरोक्त नमुन्याचे आयोडोमेट्रिक पद्धतीने निर्धारण केले असता' अशी सुरुवात. ते जलसुरक्षकाला वाचून दाखवायला लावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे टाकू की नको?" त्यानंतरची पत्रं चार ओळींची झाली. गोणीचं तोंड सुतळीनं घट्ट बांधा. खाली फळी ठेवा, गोण जमिनीला टेकू देऊ नका. खिडकीपासून लांब ठेवा.

नव्या धोरणातल्या ऑन द जॉब ट्रेनिंगबद्दल मला एवढं समाधान नाही. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास मुलांनी प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी काढायचे. कल्पना चांगलीच आहे. पण मोठ्या शहरात बसून आखताना आमच्यासारखा तालुका कोणाच्या डोळ्यांसमोर नसावा. सगळ्या मुलांना पुरतील एवढ्या लॅब इथं नाहीत. एस.टी.ची वेळ आणि जनरल शिफ्टची वेळ जुळत नाही, म्हणून मुलींचे आईवडील नको म्हणतात. आमच्या एका मुलाला एका कारखान्यात तीन आठवडे खोक्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं. त्यानं १२० तास पुरे केले, सर्टिफिकेट आणलं, क्रेडिट मिळाली. माझी सही आहे त्यावर. ती करताना मला तसंच वाटलं जसं १०.२ वर सही करताना वाटायचं. आता आम्ही पाठवण्याआधी कंपनीशी बोलून एक कागद करतो. मुलगा रोज काय करेल, कोणाच्या हाताखाली, आणि त्याची वही कोण बघेल. काही कंपन्या एवढं ऐकून नाही म्हणतात. मग तिथं नाही पाठवत. त्या मुलांना मी नगरपालिकेच्या पाणी शुद्धीकरण केंद्रावर पाठवायचं बघतेय. तुरटीची मात्रा रोज ठरवावी लागते, जार टेस्ट, म्हणजे वेगवेगळ्या मात्रा टाकून पाणी कितपत निवळतं ते बघणं, तिथं रोज होते, आणि केंद्र चालत जायच्या अंतरावर आहे.

गेल्या आठवड्यात एक्स्टर्नल आले होते, दुसऱ्या कॉलेजचे. वह्या बघून आधी नाराज झाले. "मॅडम, किती खाडाखोड आहे ही!" मी त्यांना त्या तिघांच्या गटातल्या मुलीची वही दिली. पान ३४. वर १५.६, खाली १३.९, त्याखाली १४.८. १३.९ वर रेघसुद्धा मारलेली नव्हती. समोर लिहिलं होतं: 'फ्लास्क न हलवता पिपेट केलं. साका खाली बसला होता. हे रीडिंग सरासरीत धरलेलं नाही.' खाली सही, तारीख, वेळ ३.२०.

त्यांनी ते पान दोनदा वाचलं. मग त्या मुलीला बोलावून व्हायवाचा पहिला प्रश्न त्याच पानावर विचारला.